तलावातले मासे मरू लागले तर औषध कोणतं? जिवाणूंची टेस्ट काय सांगते आणि काय सांगत नाही

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या तलावांत पावसाळ्यात रोहू, कतला, मृगळची बोटुकली सोडली जाते. धान निघालं की पुढं उन्हाळ्यापर्यंत टप्प्याटप्प्यानं मासेमारी चालते. मधल्या काळात, विशेषतः थंडी पडू लागल्यावर, कधीकधी काठाला मेलेले मासे दिसू लागतात. काहींच्या अंगावर लाल चट्टे असतात, काहींचं पोट फुगलेलं असतं, काहींचे खवले उभे राहिलेले असतात.

ज्या मच्छीमार सोसायटीनं तलाव ठेक्यानं घेतलाय, तिच्यासाठी हा अख्ख्या वर्षाच्या कमाईचा प्रश्न असतो. ठेक्याचे पैसे भरून झालेले असतात, बीज विकत घेतलेलं असतं. अशा वेळी कुणीतरी हमखास सांगतं, "अँटिबायोटिक टाका, थांबेल." जनावरांच्या किंवा कोंबड्यांच्या औषधांच्या दुकानात पाकीट मिळतंही.

पण कोणतं अँटिबायोटिक? त्या जिवाणूवर ते चालतं का? आणि मुळात मासे जिवाणूमुळेच मरतायत का? या प्रश्नांची उत्तरं शोधायची एक पद्धत आहे. माणसांच्या दवाखान्यात आपण तिला 'कल्चर-सेन्सिटिव्हिटी' म्हणतो. लघवीत वारंवार इन्फेक्शन झालं की डॉक्टर जी टेस्ट करायला सांगतात, तीच. माशांच्या जिवाणूंसाठीही ती होते. मात्र तिचे काही नियम वेगळे आहेत आणि तिथंच बरीच गडबड होते.

आधी तलाव समजून घेऊ

पूर्व विदर्भातल्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत सहा हजारांहून अधिक मामा तलाव आहेत. मामा म्हणजे 'माजी मालगुजारी'. गोंड राजांच्या काळापासून कोहळी आणि इतर समाजांनी धानशेतीसाठी हे तलाव बांधले. पुढं ते मालगुजारांच्या ताब्यात होते. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडं आले. आज अनेक तलावांत ढिवर, भोई, केवट समाजाच्या सोसायट्या मासेमारी करतात.

हे तलाव बंदिस्त टाक्या नाहीत, हे इथं महत्त्वाचं आहे. त्याच पाण्यावर धान पिकतं, त्यात गुरं उतरतात, बाया कपडे धुतात, शिंगाडा लावला जातो. सोडलेल्या माशांसोबत मरळ, मागूर यांसारखे स्थानिक मासेही असतात. तलाव भरला की सांडव्यावरून पाणी पुढच्या बांधीत आणि पुढच्या तलावात जातं. म्हणजे या पाण्यात टाकलेलं औषध फक्त आजारी माशापुरतं राहत नाही.

लाल चट्टा दिसला म्हणजे जिवाणूच का?

नाही. बरेचदा घोळ इथूनच सुरू होतो.

आपल्याकडच्या कार्प माशांत जिवाणूंचे आजार होतात, हे खरं. सगळ्यात जास्त नाव घेतलं जातं ते एरोमोनास हायड्रोफिला या जिवाणूचं. तो गोड्या पाण्यात एरवीही असतोच. पाणी खराब झालं, मासे दाटीनं राहिले, जाळ्यात घासले गेले किंवा हवामान अचानक बदललं की तो माशावर मात करतो. मग रक्तस्राव, जखमा, जलोदर अशी लक्षणं दिसतात. एडवर्डसिएला टार्डा हा दुसरा जिवाणू. कल्ले आणि कातडी कुजवणारा फ्लेव्होबॅक्टेरियम कॉलम्नेर हा तिसरा.

पण तशाच जखमा आणखी एका आजारात होतात. त्याचं इंग्रजी नावावरून आलेलं संक्षिप्त रूप 'ईयूएस'. तो १९८८ मध्ये भारतात ईशान्येकडून आला आणि नंतर देशभर पसरला. त्याचं मूळ कारण जिवाणू नाही, तर अफॅनोमायसिस इन्व्हाडन्स नावाचा बुरशीसारखा जीव आहे. पावसाळ्यानंतर पाणी गार होऊ लागलं की त्याचं फावतं. मरळ त्याला लवकर बळी पडतो. जखम झाल्यावर तिच्यात एरोमोनास शिरतो. त्यामुळे जखमेचा बोळा घेऊन कल्चर केलं तर एरोमोनास सापडतोच, पण आजाराचं मूळ तो नसतो. अँटिबायोटिकचा बुरशीसारख्या जीवावर काही परिणाम होत नाही.

तिसरं कारण म्हणजे अर्ग्युलस, म्हणजे माशाची ऊ. ती चावते तिथं लाल ठिपका पडतो. ती बारकाईनं पाहिल्यास नुसत्या डोळ्यांनाही दिसते. चौथं कारण सगळ्यात साधं: प्राणवायूची कमतरता. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत असतील आणि एका रात्रीत सगळ्या जातींचे मासे मेले असतील, तर आधी पाणी तपासायचं.

म्हणून जिवाणूंच्या टेस्टआधी पाण्याची तपासणी आणि सूक्ष्मदर्शकाखाली कल्ले-कातडी पाहणं या दोन गोष्टी होतात. त्यातून जिवाणूचा संशय पक्का झाला तरच पुढची पायरी.

टेस्ट नेमकी कशी होते?

नमुना घेण्यापासून सुरुवात. मेलेला मासा इथं फारसा कामाचा नाही. मासा मेला की पाण्यातले आणि आतड्यातले जिवाणू काही तासांत त्याच्या शरीरभर पसरतात, मग कल्चरमध्ये भलताच जिवाणू उगवतो. त्यामुळे मरणासन्न, पण जिवंत मासा घेतात. पोट स्वच्छपणे उघडून मूत्रपिंडातून नमुना घेतला जातो. जखमेवर कुठलाही जिवाणू बसू शकतो, पण मूत्रपिंडात सापडला तर तो रक्तातून तिथं पोहोचलेला असतो. आणखी एक अट म्हणजे तोपर्यंत तलावात किंवा खाद्यात अँटिबायोटिक घातलेलं नसावं.

हा नमुना पोषक अगारच्या थाळीवर पसरतात. एक-दोन दिवसांत जिवाणूंच्या वसाहती दिसतात. त्यातली एक वेगळी काढून शुद्ध वाढवतात आणि ओळखतात. त्यानंतर खरी टेस्ट सुरू होते.

सगळ्यात प्रचलित पद्धत चकत्यांची. अमेरिकेतल्या किर्बी, बाउर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये तिला ठरावीक रूप दिलं. म्युलर-हिंटन नावाचा अगार चार मिलिमीटर जाडीचा ओततात. जिवाणूंचं द्रावण ठरावीक गढूळपणाचं करतात, म्हणजे मिलिलिटरमागे साधारण दहा ते वीस कोटी जिवाणू. ते अगारवर सारखं पसरतात. वर सहा मिलिमीटरच्या कागदी चकत्या ठेवतात, प्रत्येकीत एका अँटिबायोटिकची मोजलेली मात्रा. औषध चकतीतून अगारमध्ये पसरत जातं. जिवाणू त्याला दबत असेल तर चकतीभोवती मोकळं वर्तुळ राहतं. दबत नसेल तर तो चकतीला चिकटून उगवतो.

दुसरी पद्धत पातळ करत जाण्याची. द्रवात औषधाची मात्रा दर पायरीला निम्मी करत नेतात. मिलिलिटरमागे ८ मायक्रोग्रॅम, मग ४, मग २, १, अर्धा. ज्या सर्वांत कमी मात्रेला जिवाणूची वाढ थांबते ती 'किमान रोधक मात्रा', इंग्रजी आद्याक्षरांवरून 'एमआयसी'. ही पद्धत जास्त नेमकी, पण साहित्य आणि मेहनतही जास्त.

नमुन्यापासून रिपोर्टपर्यंत साधारण चार-पाच दिवस जातात. फ्लेव्होबॅक्टेरियमसारखा मंद वाढणारा जिवाणू असेल तर आणखी जास्त. शिवाय त्याला नेहमीचा अगार चालत नाही, पाणी घालून सौम्य केलेलं माध्यम लागतं.

मग माणसांच्या लॅबमध्ये केली तर काय बिघडतं?

चकत्या त्याच, अगार तोच. बदलतं ते तापमान आणि रिपोर्ट वाचायचा तक्ता.

माणसाच्या शरीरातले जिवाणू लॅबमध्ये साधारण ३५ अंशाला ठेवून १६ ते २० तासांनी वर्तुळं मोजतात. माशाचं शरीर मात्र पाण्याइतकंच गरम किंवा गार असतं. म्हणून माशांच्या जिवाणूंसाठी प्रामुख्यानं २२ किंवा २८ अंश तापमान वापरतात. २८ अंशाला २४ ते २८ तास, तर २२ अंशाला बऱ्याचदा ४४ ते ४८ तास. माशांचे काही जिवाणू ३५ अंशाला वाढतच नाहीत. एरोमोनास हायड्रोफिला वाढतो, पण तापमान बदललं की वर्तुळाचा आकारही बदलू शकतो. त्यामुळे एका तापमानाला केलेली मोजणी दुसऱ्या तापमानाच्या तक्त्यावर वाचली तर निष्कर्ष चुकतो.

या सगळ्याचे नियम अमेरिकेतली क्लिनिकल अँड लॅबोरेटरी स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूट ही संस्था ठरवते. जलचरांसाठी तिची स्वतंत्र मार्गदर्शक पुस्तकं २००६ मध्ये आली आणि नंतर सुधारली गेली. त्यात एक अट अशी की ज्याचा निकाल आधीच माहीत आहे असा जिवाणूही सोबत तपासायचा. त्याची वर्तुळं अपेक्षित मर्यादेत आली तरच त्या दिवसाची टेस्ट ग्राह्य. अगारची जाडी चुकली, चकत्या उकाड्यात खराब झाल्या, तर ते इथं लगेच पकडलं जातं. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढं जातो आणि लाइट गेली की फ्रिज बंद पडतो, हे लक्षात घेतलं तर ही अट किती गरजेची आहे ते कळेल.

मोठं वर्तुळ म्हणजे चांगलं औषध?

बहुतेकांना असंच वाटतं, पण ते खरं नाही. प्रत्येक औषध अगारमध्ये वेगळ्या वेगानं पसरतं. एका औषधाचं २२ मिलिमीटरचं वर्तुळ आणि दुसऱ्याचं २८ मिलिमीटरचं, एवढ्यावरून दुसरं जास्त प्रभावी ठरत नाही. प्रत्येक वर्तुळ त्या औषधाच्या स्वतःच्या मापाशीच ताडून पाहायचं.

आणि सगळ्यात मोठी अडचण इथंच आहे. माणसांच्या रिपोर्टमध्ये 'संवेदनशील' असं लिहिलेलं असतं, त्यामागे मोठं काम असतं. औषधाचा डोस दिल्यावर रक्तात त्याची मात्रा किती होते, रुग्ण किती बरे झाले, हे तपासून ती सीमारेषा ठरलेली असते. माशांसाठी अशा सीमारेषा अगदी मोजक्या जिवाणू-औषध जोड्यांसाठी ठरल्या आहेत आणि त्यातही भर थंड पाण्यातल्या सामन मत्स्यशेतीवर आहे. आपल्या रोहू-कतलासाठी बहुतेक औषधांची अशी रेषा नाही.

त्याऐवजी दुसरं माप वापरता येतं. एका जातीचे शेकडो जिवाणू तपासले की बहुतेकांची वर्तुळं एका टप्प्यात येतात. हे झाले मूळ प्रकारचे जिवाणू. काहींची वर्तुळं त्याहून स्पष्ट लहान येतात. त्यांनी औषधाला दाद न देण्याची क्षमता कमावलेली असते. हे माप 'हा जिवाणू बदललाय' एवढं सांगतं. 'या औषधानं तुमचा मासा बरा होईल' असं ते सांगत नाही.

थोडक्यात, कोणतं औषध चालणार नाही हे ही टेस्ट बऱ्यापैकी खात्रीनं सांगते. कोणतं चालेल हे सांगताना तिची खात्री कमी असते.

वाचताना होणारी आणखी एक चूक: एरोमोनास जिवाणू अँपिसिलिनला जन्मजातच दाद देत नाहीत. त्यामुळे रिपोर्टमध्ये अँपिसिलिनसमोर 'रोधक' दिसलं तर तलावात कुणीतरी औषधांचा गैरवापर केलाय असा अर्थ काढायचा नाही.

टेस्ट न करता पाकीट टाकलं तर?

एक हिशेब करून पाहू. समजा तलाव एक हेक्टरचा आणि सरासरी दीड मीटर खोल आहे. म्हणजे पाणी १५ हजार घनमीटर, अर्थात दीड कोटी लिटर. त्यात अर्धा किलो शुद्ध अँटिबायोटिक टाकलं आणि ते सगळीकडं सारखं मिसळलं असं धरलं, तर मिलिलिटरमागे ०.०३३ मायक्रोग्रॅम मात्रा होते. एखाद्या जिवाणूची किमान रोधक मात्रा ०.५ असेल, तर ही मात्रा तिच्या पंधराव्या हिश्शाएवढी झाली. दुकानातलं पाकीट शुद्ध औषधाचं नसतं, त्यामुळे प्रत्यक्षात आणखी कमी.

एवढ्या मात्रेत जिवाणू मरत नाही. पण ज्या थोड्या जिवाणूंमध्ये औषध पचवायची क्षमता आहे, त्यांना इतरांपेक्षा वाढायला जास्त वाव मिळू शकतो. पुढच्या वेळी टेस्ट केली तर वर्तुळ लहान आलेलं दिसेल. ऑक्सिटेट्रासायक्लिनसारखं औषध तर पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला चिकटून आणखी निष्प्रभ होतं.

मग औषध खाद्यातून द्यावं? शेततळ्यात किंवा जलाशयातल्या पिंजऱ्यांत, जिथं रोज मोजून खाद्य दिलं जातं, तिथं ते शक्य असतं. मामा तलावातले मासे मुख्यतः पाण्यात आपोआप तयार होणाऱ्या अन्नावर वाढतात. शिवाय आजारी मासा खाणं सोडतो, त्यामुळे औषधाचं खाद्य निरोगी माशांच्याच पोटात जातं.

मासे न खाणाऱ्यांनी याची काळजी का करावी?

कारण औषधं वेगळी नाहीत. टेट्रासायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली औषधं माणसांसाठीही वापरतात. औषधाला दाद न देण्याचे जनुक एका जिवाणूकडून दुसऱ्या जातीच्या जिवाणूकडं जाऊ शकतात, आणि तलावाचं पाणी ही त्यासाठी सोयीची जागा आहे. एरोमोनास स्वतःही माणसाच्या जखमेत शिरून इन्फेक्शन करू शकतो. रोज जाळं ओढणाऱ्या आणि मासे साफ करणाऱ्या हातांना कापलं-खरचटलेलं असतंच.

नीट शिजवलेल्या माशातले जिवाणू मरतात. त्यामुळे मासे खायला घाबरायचं कारण नाही. धोका पाण्याचा, कच्चा मासा हाताळण्याचा आणि औषधं हळूहळू निकामी होण्याचा आहे. जगात २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे थेट सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाले, असा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यात शेती, पशुपालन आणि मत्स्यपालनाचा वाटा किती हे वेगळं काढणं अवघड आहे, पण औषधांचा वापर कमी करावा यावर एकमत आहे.

ते जमतं का? नॉर्वेचं उदाहरण नेहमी दिलं जातं. तिथल्या सामन मत्स्यशेतीत १९८७ मध्ये जवळपास ५० टन अँटिबायोटिक वापरलं गेलं. नंतर माशांसाठी प्रभावी लसी आल्या, शेतांच्या जागा आणि स्वच्छतेचे नियम बदलले. उत्पादन वाढून दहा लाख टनांच्या पुढं गेलं आणि अँटिबायोटिकचा वापर एक टनाच्याही खाली आला. आपल्या तलावांत प्रत्येक माशाला लस टोचणं शक्य नाही. पण आजार होऊ नये म्हणून दाटी कमी ठेवणं, बीज तपासून घेणं, वेळेवर चुना टाकणं हे इथंही करता येतं.

भारतात काय चाललंय?

जलचरांच्या आजारांवर लक्ष ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. औषधरोधावरची राष्ट्रीय कृती योजना २०१७ मध्ये आली. भारतीय कृषी अनुसंधान परिषद आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना यांच्या सहकार्यानं 'इन्फार' नावाचं प्रयोगशाळांचं जाळं उभं राहिलं. ते जनावरांसोबत माशांतल्याही जिवाणूंची तपासणी करतं, त्यात एरोमोनासही आहे. अन्न देणाऱ्या प्राण्यांमध्ये कोलिस्टिन वापरण्यावर २०१९ मध्ये बंदी आली. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातल्या औषधांवर २०२५ मध्ये अशीच देशव्यापी बंदी आली.

महाराष्ट्रात या विषयाचं शिक्षण-संशोधन करणाऱ्या संस्था आहेत. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. नागपूरला महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आणि त्याचं मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे.

पण गडचिरोलीहून नागपूर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि भामरागड गडचिरोली शहरापासूनच दीडशे किलोमीटरच्या पुढं. मरणासन्न मासा जिवंत किंवा बर्फात ठेवून काही तासांत लॅबपर्यंत पोहोचवायचा, हे अंतर पाहता सोपं नाही. त्यामुळे जंगल भागातल्या तलावांसाठी खरी गरज आहे ती नमुना जवळच घेता येण्याची. मूत्रपिंडातला नमुना तालुक्याच्या ठिकाणीच थाळीवर घेतला, तर नागपूरला फक्त थाळी पाठवावी लागेल. त्यासाठी तालुक्याला महागडी लॅब लागत नाही. प्रशिक्षित माणूस, निर्जंतुक साहित्य आणि बर्फाची पेटी लागते.

सोसायटीनं आज काय करावं?

मेलेले मासे काढून तलावापासून दूर चुना टाकून पुरावेत, पाण्यात किंवा काठावर टाकू नयेत. एका तलावाचं जाळं दुसऱ्या तलावात वापरण्याआधी कडक उन्हात वाळवावं. माशांचे आणि जखमांचे फोटो काढावेत. किती मासे, कोणत्या जातीचे, कधीपासून मरतायत हे लिहून ठेवावं. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवावं. केंद्र सरकारचं 'रिपोर्ट फिश डिसीज' हे मोबाइल अॅप २०२३ पासून आहे, त्यावरूनही आजाराची माहिती पाठवता येते. तोपर्यंत अँटिबायोटिक टाकू नये. तलावात त्याचा उपयोग होण्याची शक्यता कमी आणि नंतरचं कल्चर बिघडण्याची शक्यता जास्त.

आणि टेस्ट झालीच, तर रिपोर्ट हातात आल्यावर चार गोष्टी विचाराव्यात. नमुना माशाच्या कोणत्या भागातून घेतला? जिवाणू कोणता निघाला? टेस्ट किती अंशाला, किती तास केली? आणि वर्तुळं कोणत्या तक्त्यावर वाचली, माणसांच्या की माशांच्या? ही चार उत्तरं नसतील, तर त्या कागदावरच्या 'संवेदनशील' या शब्दावर विसंबून औषध विकत घेऊ नये.